इंग्लंडने आमच्या गावात केलेली चौकशी

जाहीर सूचना. वटार गावातील तमाम लहानथोरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, इंग्लंड देशाने आपल्या गावातील एका मुलीबद्दल चौकशी सुरू केलेली आहे. चौकशी लेखी आहे. उत्तर शुक्रवारच्या आत पोचले पाहिजे. ज्या घराला विचारले जाणार नाही त्या घराचा अपमान झाला असे समजण्यात येईल, आणि त्याची सर्वस्वी जबाबदारी मुलीच्या बापावर राहील.

अशी सूचना कुणी कागदावरून वाचून दाखवली नव्हती, हे मी कबूल करते. पण त्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात माझ्या आत्याने दहा मिनिटांत जो पराक्रम केला, तो सरकारी भाषेत लिहायचा तर असाच लिहावा लागेल. मुलगी म्हणजे मी. आणि मुलीचा बाप म्हणजे माझे बाबा, जे त्या वेळी चपला शोधत होते.

दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. मी सत्तावीस वर्षांची होते, तुळिंजच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स होते आणि मला इंग्लंडला जायचं होतं. लोक याची कारणं फार उदात्त सांगतात. मी खरं सांगते. मला विमानात बसायचं होतं, कोट घालून कामावर जायचं होतं, आणि जिथे नर्सला बसायला स्वतःची खुर्ची असते असं रुग्णालय एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. आमच्या नर्सिंग होममध्ये एकच खुर्ची होती आणि तिच्यावर पेशंटचे नातेवाईक बसायचे.

तिकडच्या नर्सिंग कौन्सिलचं पत्र माझ्याकडे आलेलं होतं. त्यात लिहिलं होतं की तुमचं शिक्षण आम्हाला मान्य आहे, पण आधी इथे येऊन काही महिने कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करा, मग पक्की नोंदणी देऊ. आता हा ‘कुणीतरी’ शोधायचा कुठे? तिकडच्या एखाद्या रुग्णालयाने किंवा वृद्धांच्या नर्सिंग होमने ‘ही मुलगी आम्हाला हवी आहे’ असं म्हणून तुमच्यासाठी वर्क परमिट मागायचं असतं. त्याशिवाय विमान नाही, कोट नाही, खुर्ची नाही. कौन्सिलच्या पत्राची मुदत दोन वर्षांची. त्यातले एकवीस महिने मी चाळीस पत्त्यांवर अर्ज पाठवण्यात घालवले होते. एकोणचाळीस ठिकाणांहून काहीच आलं नाही. उरले होते तीन महिने.

चाळीसाव्या ठिकाणाहून फोन आला. आमच्या घरी फोन नव्हता, अर्ज करून ठेवला होता. नंबर दिला होता शेजारच्या काकांचा. त्यांच्या फोनवर क्रोशाचं झाकण असायचं आणि घंटा वाजली की काकी आधी ते झाकण नीट घडी करून ठेवायची, मग रिसीव्हर उचलायची. त्या दिवशी इंग्लंडसुद्धा त्या घडीपुरतं थांबलं.

पलीकडे एक मेट्रन होती. समुद्रकाठच्या कुठल्याशा गावात म्हाताऱ्या माणसांचं नर्सिंग होम चालवायची. तिचा आवाज असा, की एखाद्याने तोंडात गरम बटाटा धरून बायबल वाचावं. पहिली दोन मिनिटं मी फक्त हो म्हणत होते. मग हळूहळू शब्द उकलायला लागले. तिने औषधांच्या वेळांबद्दल विचारलं, पलंगावरून पडलेल्या माणसाला कसं उचलाल ते विचारलं, आणि शेवटी विचारलं, की एखादा म्हातारा जेवायलाच नाही म्हणाला तर काय कराल. पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं, पण घाईत ते आठवेना. मी म्हटलं, आधी त्याच्याजवळ बसेन. पलीकडून नुसती खरखर आली, ती काहीतरी लिहून घेत होती. मला वाटलं लाइन कटली.

मग ती म्हणाली की दोन संदर्भपत्रं फॅक्स करा. एक सध्या जिथे नोकरी करता तिथल्या प्रमुखाचं, दुसरं तुम्हाला बऱ्याच वर्षांपासून ओळखणाऱ्या कुणाचं. पुढच्या शुक्रवारपर्यंत आली तर त्यावरून ठरवेन.

मी रिसीव्हर ठेवला आणि काकींना मिठी मारली. झाकण खाली पडलं. ते त्यांनी चक्क उचललं नाही, इतका तो मोठा प्रसंग होता.

आता पहिलं पत्र. आमचे डॉक्टर वाईट नव्हते. पण त्यांच्याकडून त्या वर्षी दोन नर्सा आखातात गेल्या होत्या आणि तिसरी लग्न करून विरारला गेली होती, जे त्यांच्या दृष्टीने आखाताइतकंच लांब. मी पत्राचं नाव काढलं तेव्हा ते एक्स-रे उजेडाला धरून बघत होते. बघतच राहिले.

“देऊ की,” म्हणाले, “पुढच्या महिन्यात.”

“डॉक्टर, शुक्रवारी पाहिजे.”

“शुक्रवार हे तू बोललीस. मी कुठे बोललो?”

मी दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. दर वेळी तो एक्स-रे. अखेर त्यांनी तो खाली ठेवला आणि सरळ विचारलं की तू गेलीस तर रात्रपाळी कोण करेल, मी? रात्रपाळीला भरवशाचं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून तर पत्र मिळत नव्हतं.

शनिवारी रात्री मी घरी रडले. बाबांना माझं रडणं सहन व्हायचं नाही आणि गप्प बसणं तर त्याहून जमायचं नाही. रविवारी मिस्सा सुटल्यावर त्यांनी आत्याला सांगितलं की पोरीबद्दल इंग्लंडहून विचारलंय, ओळखीच्या कुणाचं तरी चांगलं पत्र पाहिजे. बस, एवढंच.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. मुलीला स्थळ आलं की मुलाकडची माणसं आधी गावात चौकशीला येतात. ती कुणाच्या तरी ओट्यावर बसतात, चहा पितात आणि मुलीबद्दल विचारतात. अशा वेळी प्रत्येक घराने चांगला शब्द टाकायचा असतो. भांडण असलं तरी टाकायचा. आणि चौकशीवाले तुमच्या घरावरून न विचारता पुढे गेले, तर अर्थ एकच, की गावात तुमच्या शब्दाला किंमत नाही. अशा गोष्टीवरून आमच्याकडे दोन घरं सात वर्षं एकमेकांच्या बारशाला गेली नव्हती.

तर आत्याच्या डोक्यात ही चौकशी म्हणजे तीच चौकशी. तिने आवारातच विचारलं की एकाच घराचं पत्र? आणि बाकीची घरं काय मेली? ते माझ्या कानावर आलं तोवर केळीच्या बागायतीवाल्यांनी होकार दिला होता, पानमळ्यावाले विचारत होते की मजकूर कुणी लिहायचा, आणि निवृत्त हेडमास्तरांनी, ज्यांना सगळं गाव नुसतं मास्तर म्हणायचं, इंग्रजी आपल्याकडे असं जाहीर करून टाकलं होतं. मी आत्याला समजवायला गेले की त्यांना दोनच पत्रं पाहिजेत. ती म्हणाली, “बाय, त्यांनी संकोचाने दोन म्हटलं असेल. आपण संकोच करायचा नाही.”

सोमवारपासून मास्तरांच्या ओट्यावर गर्दी. माणसं येत, मराठीत सांगत, मास्तर इंग्रजीत लिहीत. प्रत्येक पत्राची सुरुवात ‘सविनय विनंती की’ अशी, मग ते पत्र विनंती करत असो वा नसो. मी एकेक कागद वाचत होते आणि माझे कान गरम होत होते. शेजारच्या काकांनी लिहिलं होतं की या घराण्यात वेड नाही, कोड नाही आणि पुरुष फक्त सणाला पितात. आत्याने लिहिलं होतं की मुलीला सुक्या बोंबलाचं कालवण उत्तम येतं आणि तिच्या चार बांगड्या तयार आहेत. बागायतीवाल्यांनी माझ्याबद्दल एक ओळ लिहून पुढे आमच्या विहिरीबद्दल लिहिलं होतं, की ती मे महिन्यातही आटत नाही. चर्चमध्ये गाणी बसवणाऱ्या सरांनी लिहिलं की आवाज घोगरा आहे पण तालमीला वेळेवर येते. एका काकींचं म्हणणं असं होतं की मुलगी सावळी दिसते, तरी फोटोत उजळ येते. बांधावरून बाबांशी ज्यांचं भांडण चालू होतं तेही आले, उभ्याउभ्या सांगून गेले. त्यांचं पत्र सगळ्यांत छोटं होतं. बाप हट्टी आहे, मुलगी नाही.

सोळा पत्रं झाली. सतरावं घर राहिलं होतं समोरच्या म्हाताऱ्या आजीचं.

या आजीच्या पायाला साखरेमुळे झालेली जखम होती. मी रोज सकाळी, कामावर जाण्याआधी किंवा रात्रपाळीहून परतताना, तिच्याकडे जाऊन जखम धुऊन पट्टी बांधायचे. चार वर्षं चाललं होतं. त्याचं कुणाला विशेष वाटत नव्हतं, मला तर नाहीच. समोरचंच घर, वाटेतच पडायचं. आजी एकटी राहायची, तिचं सगळ्यांशी जमायचं नाही, माझ्याशीही जमायचं असं नाही. आणि तिला लिहितावाचता येत नव्हतं. म्हणजे पत्रावर अंगठा द्यावा लागणार होता.

अंगठा हा आमच्याकडे त्या काळात भयंकर शब्द होता. जमिनी घ्यायला माणसं फिरत होती. कागदावर काय आहे ते न सांगता अंगठे घेतल्याच्या गोष्टी दर गावात होत्या. आजीच्या नवऱ्याने असाच एकदा अंगठा दिला होता आणि ओढ्याकडची भाताची जमीन गेली होती. तेव्हापासून आजी रेशनच्या दुकानातसुद्धा अंगठा देताना दुकानदाराचा चेहरा निरखून बघायची. तिचं एक वाक्य ठरलेलं होतं, “अंगठा दिला की घरातलं कायतरी जातं.”

मी आत्याला म्हटलं, आजीला राहू दे. आत्या म्हणाली, समोरचं घर सोडलंस तर ती मरेपर्यंत बोलून दाखवेल, आणि ती लवकर मरणार नाही. म्हणून बुधवारी सकाळी मी पट्टी सोडत असताना मास्तर वही घेऊन आले. आजीला तोवर बातमी लागलेलीच होती. सोळा घरांना विचारून झाल्यावर आपल्याला विचारलं, याचा राग तिने आधी पाच मिनिटं काढला. मग सांगायला सुरुवात केली.

मास्तरांना वाटलं कौतुक असेल. आजीने तक्रार सांगितली. या पोरीचे हात थंड असतात. पट्टी बांधताना तोंड सारखं चालू असतं. जखम धुताना ओरडले तरी थांबत नाही, वर हसते. मला आंबा खाऊ देत नाही, एकदा हातातला काढून घेतला आणि माझ्यासमोर स्वतः खाल्ला. पावसात ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं त्या दिवशी आली नाही, आली ती दुपारी, गुडघाभर चिखल घेऊन, आणि माझी जमीन घाण केली. डॉक्टर पाय कापायचं म्हणत होता. ही म्हणाली नाही कापायचा. आता पाय आहे, पण दुखतो.

“हे सगळं लिहू?” मास्तरांनी मला हळूच विचारलं.

मी डोळ्यांनी नको म्हटलं. आजीने ते पाहिलं. ती म्हणाली, “लिही सगळं. माझ्या घराचा शब्द आहे.”

मास्तरांनी लिहिलं. मग शाईची डबी उघडली. आजीने कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, उजेडाला धरला, आणि मास्तरांना विचारलं की यात जमिनीचं काही नाही ना. मास्तरांनी शपथ घेतली. तिने मला शपथ घ्यायला लावली. आत्याला दारातून बोलावून तिलाही लावली. मग तिने अंगठा असा दाबला की दुसऱ्या पानावरही खूण उमटली.

गुरुवारी बाबा, आत्या आणि मी सोपाऱ्याला झेरॉक्स-एसटीडीच्या दुकानात गेलो. सतरा पत्रं, मधोमध माझं नेमणुकीचं जुनं पत्र, कारण डॉक्टरांचं नव्हतंच. मी म्हणत होते मास्तरांचं एकच पाठवू. आत्या प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभी होती. दुकानदाराने एकेक कागद मशीनमध्ये घातला. नवव्या कागदाला लाइन तुटली, तेराव्याला वीज गेली. वीज आल्यावर दुकानदाराने शेवटचा कागद हातात घेऊन विचारलं की हा अंगठा पण पाठवायचा? आत्याने असं बघितलं की त्याने तो सगळ्यांत जपून घातला.

मग वाट बघणं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी मनातल्या मनात त्या मेट्रनच्या टेबलावर आमची विहीर आणि माझ्या बांगड्या पसरलेल्या बघत होते. माझी खात्रीच झाली की झालं, संपलं, वटार गावाने मिळून मला घरी बसवलं.

सोमवारी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एक्स-रे नव्हता. ही वाईट खूण.

“तुझ्या त्या मेट्रनचा फोन आला होता,” म्हणाले. “मला विचारते, हिला घेऊ का?”

मी विचारलं, “मग तुम्ही काय सांगितलं?”

“काय सांगणार? अजिबात घेऊ नका म्हणून सांगितलं. म्हटलं, माझ्याकडे एकच नर्स अशी आहे जिच्यावर टाकून मी रात्री घरी जाऊन झोपतो. तिला नेलंत तर माझी झोप जाईल. घेऊ नका.”

“आणि ती?”

“थँक्यू म्हणाली. ठेवला फोन.” डॉक्टर थोडा वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग त्यांच्याच लक्षात आलं की आपण काय करून बसलो. ते इतक्या जोरात हसायला लागले की कंपाउंडर आत डोकावला. हसतच त्यांनी लेटरहेड ओढलं, चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि कागद माझ्यापुढे ढकलला. “आता बोललोच आहे, तर लिहून घे. पण बदली मुलगी शिकवून तयार केल्याशिवाय जायचं नाही.” तीन महिन्यांत मी दोन तयार केल्या. तोही एक किस्सा आहे, पण तो त्या दोघींचा आहे.

बुधवारी संध्याकाळी काकांचा फोन वाजला. काकींनी झाकणाची घडी केलीच. हॉलमध्ये तोवर पंधरा माणसं आणि खिडकीत अजून काही. मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला, तरी आत्याने माझ्या कानाला कान लावलाच, इंग्रजी येत नसताना.

मेट्रनने आधी विचारलं की तुमच्या गावात सही करायचं राहिलेलं कुणी आहे का. मी माफी मागायला लागले. ती म्हणाली, माफी कसली, मी ही पत्रं आमच्या म्हाताऱ्यांना चहाच्या वेळी वाचून दाखवली, दोन दिवस त्यांच्यात वाद चाललाय की त्या बांगड्या कशासाठी. एका आजोबांना विहिरीची खोली किती ते हवं होतं. मग तिचा आवाज कामाचा झाला. ती म्हणाली की तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला देणार नाही म्हणून सांगितलं, ते मला पुरे होतं. पण मी त्याआधीच ठरवलं होतं. बाकीच्यांनी तुमच्या घराबद्दल लिहिलंय. अंगठा देणाऱ्या बाईंनी तुमच्या कामाबद्दल लिहिलंय. चार वर्षं पाय शाबूत आहे आणि त्या अजून तक्रार करतात, अशी तक्रार करणारी माझ्याकडे अठ्ठावीस माणसं आहेत. मी वर्क परमिटचा अर्ज उद्या पाठवते.

मी रिसीव्हर ठेवला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नुसती मान हलवली, वर खाली. त्या हॉलमध्ये जो गलका झाला तो ईस्टरच्या रात्रीही कधी झाला नव्हता. काकींनी सरबत केलं. बाबा हट्टी आहेत असं लिहिणारे शेजारी बाबांच्या गळ्यात पडले. विहिरीबद्दल लिहिणारे बागायतीवाले सांगत सुटले की विहिरीनेच काम केलं, बघा, तिकडच्यांनी खोली विचारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी आजीकडे गेले. एकटी नाही. मागून आत्या, मास्तर आणि अर्धी आळी. आजी खुर्चीत, पाय स्टुलावर. मी खाली बसून पट्टी सोडायला लागले आणि मास्तरांनी, शाळेत निकाल वाचायचे त्या आवाजात, सांगितलं की सतरा पत्रांतून इंग्लंडने एकच पसंत केलं. ते आजीचं.

आजीने त्यांना ते दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा, दारातल्यांना नीट ऐकू गेलं नाही म्हणून. तिची मान अशी ताठ झाली की अंगावरचा पदर आपोआप सरळ झाला. बाकीच्या सोळा घरांकडे तिने एकदा सावकाश नजर फिरवली. त्या मॅडमला माझ्या पायाचं कळलं का, विचारलं. कळलं, मी म्हटलं. आंब्याचं? तेही कळलं. मग तिने सहज विचारलं की तू जानार कधी. मी सांगितलं, तीन महिन्यांनी.

जखम धुऊन झाली होती. मी नवीन पट्टी घेतली, टाचेखालून पहिला वेढा घातला. आजी माझ्या हातांकडे बघत होती. दुसरा वेढा. आमच्या सगळ्या आनंदात, इतक्या दिवसांत, एकाच्याही डोक्यात जे आलं नव्हतं ते तिच्या चेहऱ्यावर येताना मी बघितलं. तिने पाय जरासा मागे ओढला, मग परत माझ्या हातात दिला, शाईचा डाग अजून न गेलेला अंगठा वर करून मास्तरांच्या नाकासमोर धरला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मी म्हनत नव्हते? अंगठा दिला की घरातलं कायतरी जातंच.”